तारापूरची वीज आणि उन्हाची वीज

(चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताला २६ एप्रिल १९९६ रोजी १० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त डहाणू तालुक्यातील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. शिबिरात घेतलेल्या टिपणावरून तयार केला आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



काल रात्री आपली बैठक चालू होती आणि मधेच कंदील विझला. रॉकेल संपलं होतं. कोणीतरी म्हणालं, थांबा, शेजारून चिमणी आणतो. तेवढा वेळ आपण सगळे अंधारात बसलो. त्या अंधारात तुम्ही पश्चिमेकडे बघितलं का? डोंगराच्या पलीकडे आभाळाला उजेड लागलेला होता. तो उजेड चंद्राचा नव्हता. तो बोईसर-तारापूरचा होता.

मी लहान होतो तेव्हा माझा बाप टॉवरचे खड्डे खणायला गेला होता. मोठे लोखंडी टॉवर, त्यांच्या वरून तारा. मुकादमाने सांगितलं होतं, ही विजेची लाईन आहे. बाप घरी येऊन आईला म्हणाला, आता लाईट येणार, मीच खड्डे खणलेत. आईने चिमणीची काच पुसली आणि काहीच बोलली नाही. लाईन डोक्यावरून गेली. खाली उतरली नाही. अजून उतरलेली नाही.

मला शिबिरात विषय दिलाय, अणुवीज बरी का सौर वीज बरी. मी बारावी सायन्सपर्यंत शिकलो, पुढचं मित्रांकडून आणि पुस्तकांतून गोळा केलं. तुम्हाला समजेल असं सांगायचा प्रयत्न करतो. समजलं नाही तर मधेच थांबवा. पण सुरुवात मी अणूपासून करणार नाही, सूर्यापासूनही करणार नाही. सुरुवात हिशेबापासून करतो. सावकाराने आपल्याला हिशेबातच बुडवलं, म्हणून हिशेब आपल्याला यायलाच पाहिजे.

पाड्याचा हिशेब

विजेचं माप युनिट. हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट वीज जाते. आता समजा आपला पाडा १०० घरांचा आहे. प्रत्येक घरात नऊ-नऊ वॅटच्या दोन छोट्या ट्यूब, रात्री चार तास. एका घराला रोजचे ७२ वॅट-तास. १०० घरांचे झाले सात युनिट आणि थोडं वर. मुंबईत एखाद्या साहेबाच्या खोलीत थंड हवेचं मशीन असतं ना, ते पाच तास चाललं तर तेवढीच वीज जाते. आपला अख्खा पाडा म्हणजे साहेबाची एक खोली, तीही अर्धी रात्र.

आता वर्षाचा हिशेब करा. रोजचे सात युनिट म्हणजे वर्षाचे साधारण २,६०० युनिट. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या मिळून ३२० मेगावॅटच्या. त्या पूर्ण चालल्या तर एका तासात ३ लाख २० हजार युनिट वीज करतात. म्हणजे तारापूर अर्धा मिनिट चाललं, आपण इथे बसून सावकाश तीस आकडे मोजले, तर तेवढ्या विजेत आपल्या पाड्याचे वर्षभराचे दिवे लागतात.

तारापूर १९६९ साली सुरू झालं. २७ वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत एका पाड्याला अर्ध्या मिनिटाची वीज मिळाली नाही. आता मला सांगा, आपल्याकडे अंधार आहे तो देशात वीज कमी आहे म्हणून आहे का?

ज्या वेळी कोणी येऊन म्हणेल, विकासासाठी वीज पाहिजे, विजेसाठी जमीन पाहिजे, त्या वेळी हे अर्धं मिनिट आठवा.

कोणी म्हणेल, मोठ्या लाईनीवरून घराला वीज देता येत नाही. बरोबर आहे. त्या लाईनीचा दाब फार मोठा असतो. तो उतरवायला सबस्टेशन लागतं, मग छोटी लाईन, खांब, ट्रान्सफॉर्मर. यात अशक्य काही नाही. कारखान्यासाठी हे सगळं होतं. पाड्यासाठी होत नाही, कारण पाडा बिल किती भरणार, असं ते विचारतात.

अणुवीज म्हणजे काय

युरेनियम नावाचा जड धातू आहे. त्याचा अणू फोडला की फार मोठी उष्णता निघते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचं, चक्राने वीज. म्हणजे शेवटी काम वाफेचंच. डहाणूला कोळशावरचं केंद्र नुकतंच सुरू झालं, तिथेही वाफच. फरक चुलीत काय घातलं याचा.

अणूच्या बाजूनेही खरं आहे ते सांगतो, कारण एकच बाजू सांगणं ही पुढाऱ्यांची रीत आहे. अणुभट्टीला कोळशासारखा धूर नसतो, राख नसते. रात्री चालते, पावसातही चालते. थोड्या इंधनात खूप वीज होते. हे खोटं नाही.

पण चुलीतला निखारा विझवता येतो, हा विझत नाही. अणू फुटला की त्याचे जे तुकडे उरतात ते किरण सोडत राहतात. दिसत नाहीत, वास येत नाही, चटका लागत नाही. शरीरात गेले तर कॅन्सर होऊ शकतो, पोटातल्या बाळाला धोका होऊ शकतो. एका तुकड्याचं नाव सीझियम. त्याचा जोर ३० वर्षांनी निम्मा होतो, आणखी ३० वर्षांनी त्याच्या निम्मा. भट्टीत प्लुटोनियमही तयार होतं. त्याचा जोर निम्मा व्हायला २४ हजार वर्षं लागतात. आपल्याला आजोबाच्या आजोबाचं नाव सांगता येत नाही. २४ हजार वर्षं कचऱ्यावर राखण कोण बसणार? त्या राखणीचा पगार आजच्या बिलात धरलेला नाही.

तारापूरच्या भट्ट्या अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिल्या. सुरुवातीला एकेक भट्टी २०० मेगावॅटच्या वर होती. आतल्या नळ्या गळायला लागल्या म्हणून १६० वर आणली. या जातीच्या भट्टीत जे पाणी युरेनियमला लागून उकळतं, त्याचीच वाफ चक्रापर्यंत जाते. म्हणून चक्राजवळही किरण असतात. दुरुस्तीला माणूस आत गेला की थोड्या वेळात त्याचा किरणांचा कोटा भरतो. मग दुसरा माणूस, मग तिसरा. भट्टी जेवढी जुनी तेवढी दुरुस्ती जास्त, तेवढी माणसं जास्त. ठेकेदाराकडून झाडू-पुसायला आत जाणारी माणसं कुठली असतात, हे मी इथे सांगायला नको. मीठागरावर कोण जातं, वीटभट्टीवर कोण जातं, गवत कापायला कोण जातं? तेच.

त्यात १९६२ चा अणुऊर्जा कायदा आहे. सरकार त्याच्या आधारे माहिती गुप्त ठेवू शकतं. तलाठ्याकडे सातबारा मागितला तर तो आज नाही उद्या देतो, शिव्या देऊन देतो, पण देतो. भट्टीत काय गळलं हे विचारलं तर कायद्याने तोंड बंद करता येतं. ज्या धंद्याला एवढं लपवावं लागतं त्याच्या शेजारी माणसाने झोपायचं कसं?

सुरुवात जिथे होते

अणुवीज तारापुरात सुरू होत नाही. ती सुरू होते सिंगभूम भागात, जादूगोडाला. तिथे १९६७ पासून युरेनियमची खाण आहे. आजूबाजूची गावं संथाळ, हो, मुंडा आदिवासींची. तिथला दगड इतका हलका आहे की एक टन दगड फोडून, दळून, धुऊन जेमतेम अर्धा-पाऊण किलो युरेनियम निघतं. बाकी सगळा चिखल पाईपने नेऊन मोठ्या तळ्यात सोडतात. त्या चिखलात किरण उरलेले असतात. उन्हाळ्यात तळं सुकतं, धूळ उडते. तिथली माणसं आजारपणाच्या, न जगलेल्या मुलांच्या गोष्टी सांगतात, आणि आता ती संघटित व्हायला लागली आहेत.

तारापूरचं इंधन बाहेरून येतं, आधी अमेरिकेहून, नंतर फ्रान्सहून. पण सुरत जिल्ह्यात, तापीच्या काठी काकरापारला ज्या नव्या भट्ट्या झाल्या, त्यांचं इंधन आपल्याच देशातल्या युरेनियमचं, म्हणजे जादूगोडाचं. काकरापार आहे मांडवी तालुक्यात. तिथेही आदिवासी. वर उकाई धरण आहे, त्यात बुडाले तेही आदिवासी. म्हणजे खाणीपाशी आपण, धरणापाशी आपण, भट्टीपाशी आपण. फक्त स्विचपाशी आपण नाही.

अपघात

चेर्नोबिल युक्रेनमध्ये आहे, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चौथी भट्टी फुटली. शेजारी प्रिप्यात नावाचं शहर होतं, जवळपास ५० हजार माणसांचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्या आल्या. लोकांना सांगितलं, तीन दिवसांपुरतं सामान घ्या. १० वर्षं झाली, ते शहर रिकामंच आहे. त्या वर्षी १ लाखाच्या वर माणसांना गाव सोडावं लागलं. धरणात गाव बुडतं तेव्हा निदान पाणी दिसतं. तिथे घर उभं, झाड उभं, विहिरीला पाणी, आणि राहता येत नाही.

आणखी एक गोष्ट, ती मला फार लागली. चेर्नोबिलपासून शेकडो कोस दूर, स्वीडन-नॉर्वेच्या बर्फाळ भागात सामी नावाचे आदिवासी राहतात. रेनडिअर पाळतात, तेच त्यांचं धन. वाऱ्याने सीझियम तिकडे गेलं, पावसाबरोबर खाली पडलं, तिथल्या दगडफुलासारख्या शेवाळात बसलं. रेनडिअर तेच खातात. त्या वर्षी कापलेल्या जनावरांचं बरंच मांस फेकून द्यावं लागलं. त्या लोकांनी चेर्नोबिलची वीज कधी पाहिलीही नव्हती.

आपल्याकडे असं होणार नाही म्हणतात. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशात नरोऱ्याला चक्राचं पातं तुटलं, आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्राची स्वतःचीच वीज गेली. माणसांनी बॅटऱ्या घेऊन अंधारात धावपळ केली आणि भट्टी आवरली. त्यांना सलाम. जून १९९४ मध्ये काकरापारला पुराचं पाणी केंद्रात शिरलं. दोन्ही वेळा मोठा अनर्थ टळला. दर वेळी टळेल असं लिहून द्यायला कोणी तयार आहे का?

आणि एवढं करून देशाच्या १०० युनिटमध्ये अणूचे दोन-तीन युनिट. सन २००० पर्यंत १० हजार मेगावॅट करू म्हणाले होते. आज, १९९६ साली, सगळ्या भट्ट्या मिळून २ हजारही भरत नाहीत.

उन्हाची वीज

आता उन्हाकडे येऊ. ऊन आपल्याला नवीन नाही. भात वाळवतो, मोह वाळवतो, मिरची, बोंबील वाळवतो. ती सगळी सूर्याचीच ताकद, बिल न भरता.

दुपारच्या उन्हात एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर साधारण हजार वॅटची ताकद पडते. सिलिकॉनची निळी काच, तिला पॅनल म्हणतात, त्यातली १०० वॅटच्या आसपास वीज करते. त्यात फिरणारं काही नाही, धूर नाही, आवाज नाही. घराच्या दोन दिव्यांना ३७ वॅटचं छोटं पॅनल पुरतं. दिवसा बॅटरी भरते, रात्री दिवा लागतो.

आता खोट सांगतो. पहिली, किंमत. पॅनलला आज, १९९६ साली, एका वॅटला सुमारे दीडशे रुपये पडतात. म्हणजे ३७ वॅटच्या नुसत्या काचेचे साडेपाच हजार, वर बॅटरी आणि दिवे. आपल्यातला कोणी हे स्वतःच्या पैशाने घेऊ शकत नाही. दुसरी, पाऊस. आषाढ-श्रावणात आपल्याकडे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, त्या दिवसांत बॅटरी अर्धीमुर्धीच भरते. तिसरी, बॅटरी. तिच्यात शिसं आणि तेजाब असतं. पाणी घालावं लागतं, चार-पाच वर्षांत ती मरते. फेकून दिली तर शिसं जमिनीत जातं.

एका पाड्यावर सरकारी योजनेतून सौर दिवा आला होता. उद्घाटन झालं, हार झाले, फोटो झाले. बॅटरीत पाणी कोणी घालायचं हे कोणी सांगितलंच नाही. आठ-दहा महिन्यांत दिवा बंद. ती काच खाली उतरवून आता तिच्यावर मिरच्या वाळत घालतात. हसू नका, दोष मिरच्यांचा नाही. सौरचूलसुद्धा अशीच आली. पेटीत भात-डाळ शिजते, खरं आहे. पण शिजायला दुपारचे दोन-तीन तास लागतात, दुपारी घरात कोण असतं? आणि तिच्यात भाकरी होत नाही. बाईला विचारून केली असती तर वेगळी केली असती.

उन्हालासुद्धा जमीन लागते

आता सगळ्यात महत्त्वाचं. सौर वीज म्हणजे चांगली, असं म्हणून टाळ्या वाजवून आपण घरी जायचं नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उन्हावरची मोठी वीजकेंद्रं आहेत, सगळी मिळून ३५४ मेगावॅटची. आरसे लावून तेल तापवतात आणि त्याने वाफ करतात. त्यांना एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागली. पूर्ण ताकदीने चालणारं तारापूर रोज जेवढी वीज करेल तेवढी उन्हावर करायची तर, ऊन दिवसाचे पाचच तास धरून, सहा ते साडेसात हजार एकर लागतील. अणुवाले म्हणतात, बघा, आमची जागा थोडी. पण भट्टीभोवती १.६ किलोमीटरच्या आत वस्ती चालत नाही, त्याच्या पलीकडेही गाव वाढू देत नाहीत. तारापूरला आणखी दोन मोठ्या भट्ट्यांची योजना आहे, आणि अक्करपट्टी, पोफरणच्या लोकांच्या डोक्यावर तीच टांगती तलवार आहे.

उद्या सौर वीज स्वस्त होईल. होणार, आज ना उद्या. त्या दिवशी कलेक्टर कचेरीत नकाशा उघडतील आणि पडीक जमीन शोधतील. कागदावर पडीक म्हणजे काय? आपली दळी. आपलं गुरचरण. जिथे नागली-वरई पिकते तो उतार. फॉरेस्टच्या कागदात आपण आजही अतिक्रमणवाले आहोत. धरणाला तीच जमीन, झाडं लावायला तीच, उद्या आरशांना तीच. तेव्हा वरून म्हणतील, अहो, ही तर स्वच्छ वीज, हिला विरोध कसला? सूर्य सगळ्यांचा आहे. पण आरसे ज्याचे, कुंपण त्याचं.

मग दोन्हीत फरक काय? माझ्या मते फरक हा. अणुभट्टी लहान होत नाही. ती पाड्याच्या छपरावर बसत नाही, तिला पोलीस लागतात, गुप्तता लागते, दिल्लीचा हुकूम लागतो. ती चुकली तर परत जागेवर येता येत नाही. सौर वीज मोठीही होते आणि लहानही होते. शाळेच्या छपरावर, दवाखान्यात, पाण्याच्या पंपावर, घरावर बसते. तिथे नव्या जमिनीचा एक तुकडा लागत नाही. ती चुकली तर फार तर दिवा विझतो, गाव सोडावं लागत नाही. आणि ती लहान ठेवायची का मोठी होऊ द्यायची, हे ठरवायची जागा ग्रामसभा. भुरिया समितीने आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार द्या म्हणून अहवाल दिलाय. तो कायद्यात येईल तेव्हा येईल. आपण आजपासून तसं वागायला कोणाची परवानगी लागत नाही.

चर्चेत आलेले प्रश्न

एका आजीने विचारले : रात्री सूर्य झोपतो, मग दिवा कशाने लागणार?

उत्तर : आजी, तू दिवाळीत भात कापतेस आणि पुढे पावसाळ्यापर्यंत खातेस. कणगीत साठवतेस ना? बॅटरी म्हणजे विजेची कणगी. कणगीला उंदीर लागतात तसं बॅटरीलाही सांभाळावं लागतं. म्हणून दिव्याच्या आधी सांभाळणारी पोरगी तयार करायची. बाहेरचा मेकॅनिक सहा महिन्यांनी येतो.

एका तरुणाने विचारले : दादा, तारापूर-बोईसरमुळे आमच्यातल्या काहींना काम मिळालं. तुम्ही विरोध केला तर आम्ही काय करायचं?

उत्तर : तुझं म्हणणं खरं आहे, पोटाला काम लागतं. तिथे जाऊ नको असं मी म्हणणार नाही. पण गेलास तर विचार, मला किरण मोजायचा बिल्ला दिला का? माझा आकडा मला लिहून मिळेल का? माझं नाव हजेरीत आहे का? हे विचारायला एकटा जाऊ नको, दहा जण जा. काम मागणं आणि जीव राखणं या दोन वेगळ्या लढाया नाहीत.

एका शिक्षकाने विचारले : मुंबईला आणि कारखान्यांना वीज लागणारच. ती कुठून आणायची?

उत्तर : गुरुजी, मुंबईची लोकल उद्या उन्हावर चालेल असं मी आज सांगणार नाही, ते खोटं होईल. पण आधी वीज जाते कुठे ते बघू या. जाहिरातींचे दिवे रात्रभर आणि पाड्यात बाळंतपण चिमणीवर, असा वाटा असेल तर नवीन केंद्र काढूनही अंधार आपल्याच वाट्याला येईल. आणि अणूवर जेवढा पैसा इतकी वर्षं घातला तेवढा उन्हावर घातला असता तर आज एका वॅटचे दीडशे रुपये राहिले असते का, हेही विचारू या.

शिबिरात ठरले ते

१. प्रत्येक पाड्याने किती घरे, जवळची लाईन किती अंतरावर, हे लिहून वीज मंडळाकडे लाईनची लेखी मागणी करायची. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही.

२. सौर दिव्यांची योजना आली तर ती पाड्याच्या सभेत वाचून घ्यायची. बॅटरी कोण बदलणार, पैसे कोण देणार, दुरुस्ती कोण शिकणार, हे लिहून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

३. विजेसाठी, कोणत्याही विजेसाठी, दळी किंवा गुरचरण 'पडीक' म्हणून मोजायला कोणी आले तर त्याच दिवशी निरोप फिरवायचा. मोजणी सभेसमोर होईल, नाहीतर होणार नाही.

४. अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना आपण बरोबर आहोत हे जाऊन सांगायचे. ते कोळी-शेतकरी, आपण डोंगरातले. जमीन जाताना दोघांचीही सारखीच जाते.

काल रात्री कंदील विझल्यावरही बैठक थांबली नाही, हे मी बघितलं. तेव्हा उजेड येईपर्यंत बोलत राहू.

जिंदाबाद!